ती आपल्याकडे पाहते तेव्हा

ऑलिंपियाचा डावा हात पाहा. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रावर एवढं लिहिलं गेलं आहे की नव्या प्रेक्षकाने आधी पुस्तकं उघडावीत की चित्र पाहावं, असा प्रश्न पडतो. माझं म्हणणं, आधी हात पाहावा. उशांना टेकून पलंगावर पहुडलेली एक तरुण स्त्री. अंगावर कपडा नाही. गळ्यात काळी फीत, केसांत फूल, हातात कडं, पायांत सपाता आणि त्यातली एक निसटलेली. डावा पंजा मांडीवर घट्ट दाबून ठेवलेला. हा हात लाजून काही झाकत नाही, तो अडवतो. कोणाला जवळ येऊ द्यायचं आणि कोणाला नाही हे तीच ठरवणार, एवढं त्या पंजावरून कळतं.

ही मांडणी माने यांची स्वतःची नाही. तिशियन या व्हेनिसच्या चित्रकाराने १५३८ मध्ये रंगवलेली ‘उर्बिनोची व्हीनस’ फ्लोरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात आहे. माने यांनी तरुणपणी इटलीला गेले असताना तिची नक्कल केली होती. तिथेही पलंग, उशा, तोच कल, तसाच डावा हात. तिशियनच्या व्हीनसची बोटं मात्र सैल वळलेली आहेत, पायाशी कुत्र्याचं पिल्लू निवांत झोपलं आहे, मागे दासी पेटीतून कपडे काढताहेत. तीही आपल्याकडे पाहते, पण त्या पाहण्यात आर्जव आहे. माने यांनी पलंग ठेवला, पवित्रा ठेवला आणि उरलेलं सगळं बदललं. झोपलेल्या पिल्लाच्या जागी शेपूट उभारलेलं काळं मांजर आलं. मागच्या दासी पुढे आल्या आणि त्यांची एक झाली: कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय स्त्री. गुच्छ कोणीतरी पाठवला आहे. पाठवणारा चित्रात दिसत नाही. तो जिथे असायला हवा तिथे आपण उभे आहोत.

चित्र १८६३ मध्ये रंगवून झालं आणि १८६५ च्या सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी वार्षिक प्रदर्शनात लागलं. लोक खवळले. टीकाकारांनी त्या देहाला मळका म्हटलं, प्रेताची उपमा दिली. व्यंगचित्रकारांनी मांजर आणि गुच्छ मोठे करून टिंगल केली. शेवटी चित्र मूळ जागेवरून काढून दारावर, उंच टांगावं लागलं.

याचं कारण नग्नता होतं असं समजणं सोपं आहे, पण ते खरं नाही. सालोनमध्ये दर वर्षी विवस्त्र स्त्रियांची चित्रं असत. ‘ऑलिंपिया’ रंगवली गेली त्याच वर्षी अलेक्सांद्र कबानेल यांची ‘व्हीनसचा जन्म’ तिथे गाजली. समुद्राच्या लाटेवर आडवी पडलेली देवी, डोक्यावरून टाकलेला हात, अर्धे मिटलेले डोळे, वर उडणारी गुबगुबीत बाळं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते चित्र विकत घेतलं. कबानेलची व्हीनस ‘ऑलिंपिया’पेक्षा कितीतरी जास्त स्वतःला प्रेक्षकाच्या हवाली करते, पण ती पुराणातली आहे. तिचे डोळे मिटत आलेले आहेत, त्यामुळे तिच्याकडे हवं तेवढं पाहता येतं आणि पाहणारा पकडला जात नाही. ‘ऑलिंपिया’समोर तो पकडला गेला. त्या काळच्या पॅरिसमध्ये हे नाव देहविक्रयाच्या जगात ओळखीचं होतं. सालोनला बायकोसोबत आलेल्या गृहस्थाला सपाता, फीत आणि तो गुच्छ यांचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

दुसरं कारण रंगवण्याच्या पद्धतीत आहे, आणि त्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. अकादमीत शिकलेला चित्रकार देह रंगवताना उजेडापासून सावलीपर्यंत अनेक मधल्या छटा लावत जाई, कुंचल्याचा माग पुसून टाकी. त्वचा गुळगुळीत होई, देहाला गोलाई येई आणि नजर त्यावरून अलगद घसरत जाई. माने यांनी उजेड समोरून टाकला. मधल्या छटा जवळजवळ काढून टाकल्या. फिकट सपाट अंग आणि त्याच्या कडेला एकदम गडद रेषा. त्यांनी पाहिलेल्या जपानी छापचित्रांचा आणि त्या वेळच्या छायाचित्रांचा यात वाटा आहे. परिणाम असा झाला की नजर घसरायला जागाच उरली नाही. ती देहावर आदळते आणि चेहऱ्याकडे परतते. टीकाकारांना तो देह मेलेला वाटला, कारण जिवंत स्त्रीच्या देहाने मऊ आणि उपलब्ध दिसावं अशी त्यांची सवय होती. नग्नचित्राचा अर्थ फक्त विषयात शोधणाऱ्याला हे सुटून जातं. छटा कुठे गाळल्या आणि रेषा कुठे कठोर केली, हाही त्या स्त्रीविषयी घेतलेला निर्णय असतो.

टी. जे. क्लार्क या कलेतिहासकाराने १९८० च्या दशकात या चित्राचं जे वाचन केलं ते मला अजून सगळ्यात पटतं. त्याच्या मते धक्का होता तो वर्गाचा. वारांगना म्हणजे ऐश्वर्यात लोळणारी, मोह घालणारी राणी, अशी पॅरिसच्या भद्र समाजाने एक सोयीची कल्पना करून ठेवली होती. माने यांनी दाखवली ती कष्टकरी वर्गातली, थोडी लहानखुरी, थोडी थकलेली मुलगी. पैसे कुठून येतात आणि कोणाकडे जातात, हे तिच्या अंगावर दिसतं.

आणि गुच्छ घेऊन उभी असलेली ती दुसरी स्त्री? तिच्याविषयी शंभर वर्षं जवळजवळ कोणी बोललं नाही. पार्श्वभूमी म्हणून, गोऱ्या देहाला उठाव देणारा गडद रंग म्हणून तिचा उल्लेख होई. तिचं नाव लोर. माने यांच्या वहीत तिचं नाव आणि पॅरिसमधला तिचा पत्ता लिहिलेला सापडतो, आणि ती फार सुंदर असल्याची नोंदही. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८४८ मध्ये संपवली. त्यानंतर पॅरिसच्या उत्तर भागात स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती वाढली, आणि लोर त्याच भागात राहत होती. अमेरिकन अभ्यासक डेनिस मरेल यांनी तिच्यावर संशोधन केलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्यावर आधारित प्रदर्शनं झाली. लोरचे कपडे पाहा, असं मरेल सांगतात. तिच्या अंगावर युरोपियन धाटणीचा, किंचित सैल झगा आहे. पूर्वेकडच्या जनानखान्यातली दासी म्हणून कृष्णवर्णीय स्त्रीला अर्धनग्न रंगवायची तेव्हाची रीत माने यांनी इथे पाळलेली नाही. लोर पगारी नोकर आहे, त्याच शहरात राहणारी. तरीही पडद्याच्या अंधारात तिचा चेहरा जवळजवळ विरघळतो. माने यांना तिच्याविषयी आदर होता असं मानलं, तरी चित्राच्या उजेडात तिचा वाटा कमीच आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकदम मनात धरून चित्र पाहायला हवं.

पलंगावरच्या स्त्रीचं नाव व्हिक्तोरीन म्यूराँ. जन्म १८४४, कष्टकरी कुटुंबातला. माने यांच्याच ‘गवतावरची न्याहारी’मध्येही तीच आहे. बरीच वर्षं तिच्याविषयी सांगितलं जाई ते असं की मॉडेल होती, वाया गेली, दारूत संपली. खरी हकीकत वेगळी आहे. ती स्वतः चित्रकला शिकली आणि सालोनमध्ये तिची चित्रं एकूण सहा वेळा लागली. १८७६ मध्ये परीक्षकांनी माने यांची चित्रं नाकारली आणि तिचं स्वीकारलं. ती १९२७ पर्यंत जगली. १८८३ मध्ये माने गेल्यावर तिने त्यांच्या पत्नीला पत्र लिहून माने यांनी देऊ केलेल्या बक्षिसीची आठवण दिली होती. त्या चित्रांनी इतिहास घडवला आणि त्यातला तिचा वाटा तिला पत्र लिहून मागावा लागला. तिच्या चित्रांपैकी फार थोडी आज हाती आहेत. ऑलिंपियाच्या चेहऱ्यावर जी सावध, मोजमाप घेणारी नजर आहे ती सगळी माने यांच्या कल्पनेतून आली, असं आपण का धरून चालतो? समोर बसलेल्या, चित्र कसं घडतं हे समजणाऱ्या स्त्रीचीही ती असू शकते.

‘ऑलिंपिया’ची पुढची गोष्ट पॅसिफिक महासागरात जाते. चित्रकार पॉल गोगँ यांनी १८९१ मध्ये या चित्राची नक्कल केली आणि त्याच वर्षी ते ताहितीला निघाले. १८९२ मधल्या त्यांच्या ‘मृतात्म्याचा पहारा’ या चित्रात तेहामाना ही किशोरवयीन मुलगी पलंगावर पालथी पडली आहे. मागे काळ्या कपड्यातली एक आकृती बसली आहे. मुलगी आपल्याकडे पाहते ती भेदरून. ती भुतांना घाबरली असल्याचं गोगँ यांनी लिहून ठेवलं. पण तिच्या डोळ्यांची दिशा भुताकडे नाही. ती चित्रकार जिथे उभा आहे तिकडे पाहते आहे. तिचं वय तेरा-चौदा सांगितलं जातं, आणि गोगँ तेव्हा चव्वेचाळिशीत होते. जांभळ्या-पिवळ्या रंगांची ती जुळणी अपूर्व आहे हे मान्य करूनही मला त्या चित्रासमोर फार वेळ उभं राहवत नाही. रंगांच्या थोरवीने त्या खोलीत काय घडत होतं ते पुसलं जात नाही.

पिकासो यांच्या १९०७ मधल्या ‘आव्हिन्योंच्या तरुणी’विषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर मराठीतही बरंच आलेलं आहे. सुरुवातीच्या आराखड्यांत कुंटणखान्यात आलेले दोन पुरुष होते. पिकासो यांनी ते काढून टाकले आणि त्यांच्या जागी आपल्याला उभं केलं. माने यांची युक्ती चाळीस वर्षांनी फुटलेल्या आकारांत परत आली. फरक इतकाच की इथल्या पाच जणींना भीतिदायक केलं आहे, आणि ती भीती स्त्रियांची नाही, पुरुषाची आहे.

पुरुषाची प्रत्येक नजर मालकीची असते असंही मात्र नाही. कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून आणि पुस्तकातून हा मालकीचा मुद्दा जगभर पोचवला, आणि तो गरजेचा होता. पण चित्रकार पिएर बोनार यांनी आयुष्यभर रंगवलेली त्यांची सहचरी मार्त त्या चौकटीत मावत नाही. ती आंघोळ करते, पाण्यात पडून राहते, टॉवेलने पाय पुसते. बोनार समोर बसवून रंगवत नसत. झटपट रेखाटन करत आणि पुढे आठवणीतून रंग भरत. मार्त १९४२ मध्ये गेली, तरी टबमधल्या तिच्या शेवटच्या चित्रावर ते पुढे काही वर्षं काम करत राहिले. पाण्याखालचा देह त्यात रंगांत मिसळून जातो. तिच्यावर हक्क सांगणारा तिथे कोणी नाही. तिला जाऊ न देणारा एक म्हातारा आहे.

नग्नचित्राचा इतिहास खऱ्या अर्थाने वळला तो मॉडेलने कुंचला हातात घेतला तेव्हा. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार स्त्रियांसाठी १८९७ मध्ये उघडलं. त्याआधी जिवंत देहावरून अभ्यास करायचा तर खाजगी शाळांत जादा फी भरावी लागे. फी भरण्याची ऐपत नसलेली एक मुलगी दुसऱ्याच बाजूने या वर्गात शिरली. तिचं नाव सुझान व्हालादों. जन्म १८६५, आई धुणंभांडी करणारी, बापाचा पत्ता नाही. सर्कशीत काम करताना पडून जायबंदी झाल्यावर पंधरा-सोळाव्या वर्षी ती मॉडेल झाली. पुव्ही द शाव्हान, रनवार, तुलूझ-लोत्रेक अशा चित्रकारांसाठी ती बसली. तासन् तास न हलता बसून तिने समोरचा माणूस रंग कसा घेतो, रेषा कुठे सोडतो ते पाहून ठेवलं. चित्रकार देगा यांनी तिची रेखाटनं पाहिली, विकत घेतली आणि ती आपल्यातलीच आहे असं सांगितलं.

व्हालादोंच्या नग्न स्त्रिया वेगळ्या का दिसतात, याचं उत्तर मला त्यांच्या वजनात सापडतं. त्या जमिनीवर खरोखर उभ्या असतात. पोट सैल, गुडघे लाल, पाठ वाकलेली, टॉवेल पिळताना दंडाचे स्नायू ताणलेले. ज्या बाईने तशा अवस्थेत तासन् तास काढले तिला मॉडेलचं अंग कुठे दुखतं ते माहीत होतं. १९०९ मधल्या ‘आदम आणि ईव्ह’मध्ये तिने स्वतःला आणि आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या प्रियकराला, आंद्रे उत्तेर याला, विवस्त्र रंगवलं. नंतर प्रदर्शनासाठी तिला आदमच्या कमरेभोवती पानं रंगवावी लागली. ईव्ह तशीच राहिली. स्त्रीच्या हातून पुरुषाचा देह उघडा होणं जगाला चाललं नाही.

तिने उघड्या छातीची आत्मचित्रंही काढली, शेवटचं वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. आखूड कापलेले केस, ओघळलेले स्तन, गळ्यात माळ, डोळे कठोर. वृद्ध स्त्रीचा देह पाश्चात्त्य कलेत चेटकीण किंवा मृत्यूचं प्रतीक म्हणूनच येत असे. इथे तो एका चित्रकाराचा देह आहे. तिचं १९२३ चं ‘निळी खोली’ तर या परंपरेला दिलेलं थेट उत्तर आहे. पलंग, पडदे, पहुडण्याची ढब सगळं जुनंच. बाईच्या अंगावर मात्र पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बिनबाह्यांचा गुलाबी कपडा आहे, तोंडात सिगरेट आहे आणि पायाशी पुस्तकं पडली आहेत. ती आपल्याकडे पाहतही नाही. तिच्या डोक्यात दुसरं काहीतरी चाललं आहे.

याच पॅरिसमध्ये अमृता शेरगिल शिकत होती. तिचं १९३४ मधलं ‘ताहितियन स्त्रीच्या रूपात आत्मचित्र’ हे गोगँ यांना एकवीस वर्षांच्या मुलीने विचारलेला जाब आहे असं मी मानतो. सावळा, कमरेपर्यंत उघडा देह, पुढे एकावर एक ठेवलेले हात, केस मागे बांधलेले. नजर बाजूला, कुठेतरी लांब. मागे एका पुरुषाची सावली पडली आहे. गोगँ यांच्या चित्रात पाहणारा अदृश्य होता, अमृताने त्याची सावली दाखवून टाकली. युरोपियन डोळ्यांना आपलं अंग कोणत्या साच्यात दिसतं हे तिला पॅरिसमध्ये रोज कळत होतं. तो साचा तिने स्वतःच अंगावर घेतला आणि त्यात भुलवण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही. आदल्या वर्षीच्या ‘व्यावसायिक मॉडेल’ या चित्रात तिने हाडं निघालेली, गळून गेलेली एक बाई रंगवली. पोटासाठी अंग उघडं करण्याचं काम माणसाचं काय करतं, ते त्या खांद्यांवर आहे. पुढे १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने अमृताला सुवर्णपदक दिलं, पण ते ‘तीन मुली’ या चित्रासाठी. त्यातल्या मुली पूर्ण कपड्यांत आहेत.

मुंबईत या विषयाने दोन वेळा कोर्ट पाहिलं. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसी यांचं प्रदर्शन लागलं. त्यातल्या ‘लव्हर्स’ चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, पदमसी यांनी नकार दिला आणि अश्लीलतेचा खटला झाला. तरुण पदमसी तो जिंकले. सरकारने उच्च न्यायालयात अपील केलं, तेही हरलं. दुसरा प्रसंग अगदी अलीकडचा. पदमसी आणि गोव्यातल्या साळगावला जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या सात कलाकृती परदेशातून आणल्या जात असताना कस्टम्सने २०२३ मध्ये अडवल्या आणि पुढे अश्लील ठरवून जप्त केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. नग्नता दिसली म्हणून अश्लीलता सिद्ध होत नाही, हे न्यायालयाने स्वच्छपणे सांगितलं.

निकालाचं मी मनापासून स्वागत करतो. पण कायद्याने निर्दोष ठरलेलं चित्र समजलेलं असतं असं नाही. सूझांच्या स्त्रिया पाहा. जाड काळी रेष, ताठ स्तन, वटारलेले डोळे. त्यांत विलक्षण जोर आहे. तरी कितीही वेळ पाहिलं तरी त्या बाईविषयी काही कळत नाही. कळतं ते सूझांच्या आत खदखदणारं आकर्षण आणि त्याला चिकटून आलेली, चर्चच्या सावलीत वाढलेली भीती. पदमसींचे देह त्या मानाने शांत आहेत, धूसर, आपल्यातच मग्न. दोघांच्या कलाकृतींना एकच शिक्का लावणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक दिसला नाही, आणि मला भीती वाटते की बचावाच्या घाईत आपणही कधीकधी तो पाहायचं विसरतो.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ च्या सुमारास, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं या शहरातल्या बायका त्या वर्गात बसत आल्या. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटातली यमुना त्यांतलीच एक. मुलाला शिकवण्यासाठी ती हे काम करते आणि मुलापासूनच ते लपवते. २०१७ मध्ये हा चित्रपट गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला, २०१८ मध्ये चित्रपटगृहांत आला. कल्याणी मुळे यांनी उभी केलेली यमुना पाहताना मला व्हिक्तोरीन आणि लोर आठवत राहिल्या.

आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये ‘न्यूड स्टडी’ खाली चित्रकाराचं नाव, माध्यम, माप आणि साल असतं. बसलेल्या बाईचं नाव क्वचितच असतं. लोर आपल्याला सापडली ती माने यांनी वहीत चार शब्द लिहिले म्हणून. आपल्या चित्रकारांनी आणि कलाशाळांनी तशा नोंदी ठेवाव्यात असं मला कळकळीने वाटतं. पण ज्या वस्तीत यमुनाला आपलं काम मुलालाही सांगता येत नाही तिथे नाव उघड करणं हा गौरव नसून संकट ठरेल, हेही दिसतं. म्हणून नोंद ठेवावी, तिला विचारून ठेवावी, आणि ती कधी, कोणासाठी उघडायची हे तिने सांगितल्याप्रमाणेच व्हावं.